वादळाची वाट आणि वादळाचं बळ

वादळ कुठे जाणार आणि वाटेत किती बळावणार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. टीव्हीवरचा नकाशा बघताना आपण ते एकच धरतो.

वाटेचं गणित त्यातल्या त्यात सोपं. आजूबाजूचे मोठे वारे वादळाला ढकलत नेतात आणि ते वारे कॉम्प्युटर मॉडेलला बऱ्यापैकी जमतात. बळ ठरतं ते मात्र केंद्राजवळच्या छोट्याशा भागात. तिथलं मोजणार कोण? भर समुद्रात वेधशाळा थोडीच आहे!

म्हणून मुख्य भिस्त उपग्रहावर. पण ढगांचा फोटो म्हणजे काही वाऱ्याचं मोजमाप नव्हे. ढगांची गुंडाळी किती घट्ट, डोळा किती उबदार, भोवतालचे ढगमाथे किती थंड, यावरून वाऱ्याचा अंदाज बांधायची पद्धत व्हर्नन ड्वोरॅक यांनी 1970 च्या दशकात बसवली. त्यात वादळाला 1 ते 8 नंबर मिळतो. जर्नलची मांडणी बघून व्हायवाचे मार्क द्यावेत तसंच हे, पण बहुतेक वेळा मार्क बरोबर येतात!

कधी येत नाहीत. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोलगतच्या पॅसिफिकवर ओटिस नावाचं वादळ होतं. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर अटलांटिकसोबत या समुद्रावरही लक्ष ठेवतं. 24 तारखेच्या सकाळी ओटिस अजून साधं वादळ होतं, हरिकेनही नव्हे (त्यासाठी वारा ताशी 119 किलोमीटर लागतो). दुपारी अमेरिकन एअर फोर्स रिझर्व्हचं विमान त्यात शिरलं. अशी विमानं वरून ड्रॉपसॉन्ड सोडतात: पॅराशूट बांधलेली एक नळी, जी खाली पडता पडता दाब, तापमान, आर्द्रता मोजते आणि जीपीएसवरून वारा सांगते. म्हणजे अनुमान नाही, सरळ रीडिंग. विमानाला सापडलेलं वादळ उपग्रहाच्या अंदाजापेक्षा कितीतरी जोरदार निघालं.

सेंटरने लगेच आकडे वाढवले. पण मध्यरात्रीनंतर तासाभरातच ओटिस अकापुल्कोजवळ किनाऱ्यावर आदळलं, वारा ताशी सुमारे 260 किलोमीटर, कॅटेगरी पाच. पॅसिफिकमधलं हरिकेन त्या ताकदीने किनाऱ्यावर आल्याची त्याआधी नोंदच नव्हती.

वादळ अकापुल्कोच्या बाजूला येणार हे आधीच कळलं होतं. ते असं येणार, हे कळल्यावर शहराच्या हाती उरले फक्त काही तास, आणि त्यातले बरेचसे अंधाराचे.