मोबाइलवरून जनावरांची खरेदी-विक्री : फसवणूक कशी टाळावी

गुरांच्या बाजारात म्हैस घेताना शेतकरी तिचे दात पाहतो, चारही सडांची धार काढून पाहतो आणि विकणारा कोणत्या गावचा याची चौकशी करतो. तोच शेतकरी मोबाइलवरील जाहिरात पाहून मात्र, न पाहिलेल्या म्हशीसाठी न पाहिलेल्या माणसास पैसे पाठवितो. या व्यवहारात अनेकांची फसवणूक होते. बाजारातील सावधगिरी मोबाइलवरही पाळणे हाच त्यावरील उपाय होय.

फसवणुकीची रीत

जाहिरातीत मुऱ्हा जातीच्या दुभत्या म्हशीचे चित्रण असते. ते बहुधा दुसऱ्याच्याच गोठ्यातील असते. किंमत बाजारभावाच्या निम्मी सांगितली जाते व म्हैस घरपोच देण्याचे आश्वासन मिळते. विश्वास बसावा म्हणून विक्रेता आधार कार्डाचे छायाचित्र किंवा सैनिकाचे ओळखपत्र पाठवितो. ही कागदपत्रे चोरलेली अथवा बनावट असू शकतात.

प्रथम दोन-तीन हजार रुपये इसार मागितला जातो. दुसऱ्या दिवशी ‘गाडी निघाली’ असा निरोप येतो व भाडे मागितले जाते. पुढे नाक्यावरील दंड, नंतर विमा, अशा मागण्या येतच राहतात. ‘ही रक्कम परत मिळेल’, असेही सांगितले जाते. आधी दिलेले पैसे बुडू नयेत म्हणून शेतकरी पुन्हा पैसे देतो, आणि खरे नुकसान येथेच होते. म्हणून दुसरी मागणी येताच व्यवहार थांबवावा. गेलेला इसार सोडविण्यासाठी आणखी रक्कम घालू नये.

खरेदी करणाऱ्याने घ्यावयाची दक्षता

१. जनावर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नये. पाहणीस येऊ न देणाऱ्या विक्रेत्याशी व्यवहार करू नये.

२. कानातील बिल्ल्यावरील १२ अंकी क्रमांक मागवून तो जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावा. जनावराची व मालकाची नोंद विक्रेत्याच्या सांगण्याशी जुळते किंवा नाही, हे पडताळून घ्यावे. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून जनावरांच्या खरेदी-विक्रीस व वाहतुकीस हा बिल्ला आवश्यक करण्यात आला आहे. तथापि विक्रेता दुसऱ्याच्या म्हशीचाही क्रमांक देऊ शकतो. म्हणून प्रत्यक्ष पाहणी टाळू नये.

३. गोठ्यावर गेल्यावर पहिली धार पूर्ण काढवून घ्यावी व त्यानंतरच्या लागोपाठ दोन वेळचे दूध मोजावे. कासेत तुंबविलेले दूध यामुळे उघडकीस येते.

४. रक्कम जनावर ताब्यात घेतेवेळी द्यावी व साक्षीदारांसमोर पावती करून घ्यावी.

विक्री करणाऱ्याने घ्यावयाची दक्षता

घासाघीस न करता, जनावर न पाहता सांगितलेली किंमत मान्य करणारा गिऱ्हाईक संशयास्पद समजावा. असा मनुष्य ‘पैसे मिळण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा व पिन टाका’ असे सांगतो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो; पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. पिन टाकताच रक्कम आपल्याच खात्यातून जाते. तसेच ‘पैसे पाठविले’ असा संदेश किंवा पावतीचे छायाचित्र आले, तरी त्यावर विसंबू नये. आपल्या बँक खात्यात रक्कम जमा झाल्याची स्वतः खात्री करूनच दावे सोडावे.

फसवणूक झाल्यास

विलंब न लावता १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा व आपल्या बँकेस कळवावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर किंवा पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. भामटे रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवून काढून घेतात. त्यापूर्वी तक्रार पोहोचल्यास ती रोखली जाण्याची शक्यता असते. व्यवहार क्रमांक, विक्रेत्याचे दूरध्वनी क्रमांक व सर्व संदेश जपून ठेवावेत.

फसलेला शेतकरी पुष्कळदा लाजेने गप्प बसतो आणि तोच भामटा शेजारच्या गावात दुसऱ्यास गाठतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा शेतकऱ्यास दोष न देता तक्रार नोंदविण्यास साहाय्य करावे, आणि फसवणुकीची ही रीत ग्रामसभेत व दूध संकलन केंद्रावर सर्वांस समजावून सांगावी.