गांधारपाल्याची टाकी आणि हिज्कीयाचा बोगदा

आजचं वाचन : 2 राजे 18:13-16 आणि 20:20

20:20 हे वचन आपण वाचतो आणि पुढे जातो. हिज्कीयाची कारकीर्द आटोपताना लेखक जाता जाता सांगतो, की राजाने यरुशलेमेत पाणी आत आणलं. एवढंच. चमत्कार नाही, संदेष्टा नाही. पण आज मला इथेच थांबायचं आहे.

महाडकरांनी आधी आपल्या दाराशी पाहावं. मुंबई-गोवा हायवेवर पाल्याच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, गांधारपाले. तिथे ब्राह्मी अक्षरांत, प्राकृत भाषेत एक लेख कोरलेला आहे. विष्णुपालित नावाच्या कुमाराने लेणं, चैत्यगृह, आठ ओवऱ्या आणि लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, दान दिल्याची ती नोंद आहे. (लेखातला शब्द 'ओवरक'. आपली ओवरी तीच!) शाळेच्या पुस्तकात हा कुमार आम्हाला कधी भेटला नाही. दगडाने त्याचं नाव ठेवलं, दान ठेवलं. छिन्नी चालवणाऱ्यांचं मात्र काहीच ठेवलं नाही.

आता यरुशलेम. गिहोन झऱ्यापासून शिलोहाच्या तळ्यापर्यंत खडकातून खोदलेला 533 मीटरचा नागमोडी बोगदा आजही आहे, त्यातून पाणी वाहतं आणि लोक चालतात. 1880 साली तळ्यात खेळणाऱ्या एका मुलाला त्याच्या भिंतीवर जुन्या इब्री अक्षरांतला लेख दिसला. तो दगड आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्यात काय लिहिलंय? दोन टोळ्या दोन बाजूंनी खोदत होत्या. तीन हात खडक उरला, तेव्हा पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली. मग कुदळीला कुदळ भिडली आणि पाणी वाहिलं.

राजाचं नावच नाही त्यात! देवाचंही नाही. पाल्याला दगडावर कुमार आहे, कामगार नाहीत. यरुशलेमेत दगडावर कामगार आहेत आणि राजा पवित्र शास्त्रात. दोन्ही शेजारी ठेवल्यावर चित्र पुरं होतं. बोगद्याच्या गिलाव्यातले वनस्पतींचे अवशेष तपासून 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी काळ काढला, तोही ख्रिस्तपूर्व 700 च्या आसपासचा, म्हणजे हिज्कीयाचाच निघाला.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे पोलादपूरचा माझा मामेभाऊ. डिप्लोमाला आहे. त्याला कुणीतरी व्हिडिओ पाठवला : तांबड्या समुद्रात फारोच्या रथाची चाकं सापडली, बायबल सिद्ध झालं. त्याने तो मोठ्या आनंदाने कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. मुलांनी दहा मिनिटांत त्याची पार खिल्ली उडवली. तेव्हापासून प्रार्थनेला येणं बंद. मला म्हणाला, "दादा, चाकं खोटी असतील तर बाकीचं कशावरून खरं?" त्याला काय उत्तर देणार? मी एवढंच म्हटलं, की अशी चाकं कुठल्याही शास्त्रीय उत्खननात निघालेली नाहीत, आणि निर्गम हे पुस्तक कधी त्या चाकांवर उभं नव्हतंच. मग लॅपटॉप उघडून त्याला सन्हेरीब दाखवला.

अश्शूरच्या या राजाने स्वतःच्या मोहिमा भाजलेल्या मातीच्या सहा बाजूंच्या स्तंभावर लिहवून घेतल्या. त्याची एक प्रत लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हिज्कीयाची 46 तटबंदीची नगरं घेतली, त्याला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं, असं तो सांगतो. माझ्या धंद्याच्या भाषेत हे दोन सर्व्हर आहेत, दोन मालक, तेही एकमेकांचे शत्रू, आणि दोघांच्या लॉगमध्ये तीच घटना. खंडणीचं सोनं दोन्हीकडे 30 किक्कार. रुपं मात्र शास्त्रात 300 आणि त्याच्याकडे 800. हा फरक लपवायचं कारण नाही. सगळे आकडे शब्दशः जुळले असते तर मला उलट कॉपी-पेस्टचा संशय आला असता.

लाखीश जिंकल्याची दृश्यं त्याने निनवेच्या राजवाड्यात भिंतभर कोरून घेतली. यरुशलेम जिंकल्याचं मात्र तो कुठेच म्हणत नाही. का, ते 2 राजे 19 सांगतं. तो अध्याय मी देवाचं काम म्हणूनच वाचतो. पण मातीच्या स्तंभाने देवदूत सिद्ध झाला असं मी भावाला सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. कुदळीला बोगदा सापडतो, खंडणी सापडते. त्या रात्री हिज्कीयाने कुणाला हाक मारली, ते कुदळीचं काम नाही.

भाऊ अजून प्रार्थनेला आलेला नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करा.

उद्या 2 राजे 19 घेऊ. त्याआधी आज घरी 18 पुरा वाचा आणि 17व्या वचनाकडे लक्ष द्या : सन्हेरीबाचे सरदार धमकी द्यायला येऊन उभे राहतात ते पाण्याच्याच पाटाजवळ.