बाळंतपणाची पाठराखीण



आरोग्याच्या पानावर आतापर्यंत आपण रक्तक्षय, लसीकरण, बाळाचं वजन असे विषय घेतले. या वेळी बाळंतपणाच्या खाटेजवळ कोण उभं राहतं, यावर बोलू.

नव्या नवरीला सासरी धाडताना आपल्याकडे तिच्यासोबत एक पाठराखीण देतात. परक्या घरात तिला एकटं वाटू नये, काही हवं-नको ते कुणाला तरी सांगता यावं, एवढाच तिचा हेतू. मग त्याच पोरीला आयुष्यातल्या सगळ्यात अवघड रात्री, अनोळखी माणसांत, एकटीला लेबर रूममध्ये का सोडतो आपण? लग्नात पाठराखीण लागते, तर बाळंतपणातही लागते. शहरात अशा सोबतिणीला ‘डूला’ म्हणतात आणि तिला पैसे मोजावे लागतात. आपल्या वस्तीत ती आपण घरातूनच तयार करू शकतो.

दवाखाना मिळाला, सोबत गेली

एके काळी बाळंतपण घरात व्हायचं आणि सुईण रात्रभर बाईच्या पाठीला हात लावून बसायची. हे काम बहुतेक गावांत आपल्यासारख्या वस्त्यांतल्या बायांच्या वाट्याला होतं. नाळ कापायला, वार पुरायला ती लागायची. काम झालं की तिचाच विटाळ मानायचे आणि तिला उंबऱ्याबाहेर उभं करायचे. तिच्या हातातल्या ज्ञानाला कुणी ज्ञान म्हटलं नाही.

आता दिवस बदलले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. हे फार चांगलं झालं. रक्तस्राव, झटके, अडलेलं मूल यांवर घरात इलाज नाही. म्हणून आमचं पहिलं सांगणं हेच, की बाळंतपण दवाखान्यातच करा. पण दवाखान्यात जाताना सुईणीचा पाठीवरचा हात मागे राहिला. विटाळ मागे सोडायचा आणि तो हात सोबत न्यायचा, एवढंच आपल्याला करायचं आहे.

हे काम हलकं समजू नका. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. ज्या विधवांना समाज तोंड दाखवू देत नव्हता, त्यांची बाळंतपणं तिथे सन्मानाने झाली. तिथे जन्मलेल्या काशीबाईच्या मुलाला, यशवंताला, फुले दांपत्याने दत्तक घेतलं आणि तो पुढे डॉक्टर झाला. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना मांडलं, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. बाळंतिणीची काळजी हा न्यायाचा प्रश्न आहे, हे आपल्याला तेव्हापासून माहीत आहे.

नियम काय सांगतो?

“आत कुणी यायचं नाही,” असं ऐकून आपण दाराबाहेर बसतो. पण केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच सूचना काढल्या आहेत, की सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी बाईसोबत एक सोबतीण राहू शकते. डिसेंबर २०१७ पासून सुरू असलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही हे आहे. त्यातल्या मुख्य अटी अशा:

– सोबतीण शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली नात्यातली बाई असावी.
– तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत.
– तिने पूर्ण वेळ आपल्या बाईजवळच थांबावं, दुसऱ्या बायांकडे जाऊ नये.
– डॉक्टर-सिस्टरांच्या कामात ढवळाढवळ करू नये.
– आडोशाची नीट सोय असेल तिथे नवऱ्यालाही सोबत थांबता येतं.

सिस्टरने अडवलं तर भांडू नका. “सिस्टर, एका बाईला थांबायची परवानगी आहे ना? मी कामात आड येणार नाही,” असं शांतपणे म्हणा. आम्ही स्वतः सिस्टरच्या गणवेशात रात्रपाळ्या केल्या आहेत. एकीच्या अंगावर चार-चार बाळंतपणं पडली की काय होतं, ते आम्हाला ठाऊक आहे. चांगली सोबतीण सिस्टरचंही ओझं हलकं करते. त्यासाठी दवाखान्याशी आधीच बोलून ठेवावं. नवव्या महिन्यातल्या तपासणीलाच सोबतिणीला घेऊन जा आणि सिस्टरशी ओळख करून द्या.

नुसत्या सोबतीने काय होतं?

बाई घाबरली की शरीर पळून जायच्या तयारीला लागतं. भीतीचे स्राव वाढतात आणि कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कामात अडथळा येतो. अंग आखडतं, दुखणं जास्त जाणवतं, श्वास वरचेवर होतो. ओळखीचा आवाज आणि पाठीवरचा हात ही भीती उतरवतो.

ही केवळ आमची समजूत नाही. २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ देशांतल्या २६ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. त्यात १५ हजारांहून अधिक बाया होत्या. ज्यांना सुरुवातीपासून अखंड सोबत मिळाली, त्यांची बाळंतपणं जास्त प्रमाणात नैसर्गिक झाली, सिझेरियन कमी झालं, कळांचा वेळ थोडा घटला आणि बाळंतपणाचा अनुभव वाईट होता असं म्हणणाऱ्या बायाही कमी निघाल्या. सोबतीला औषधाचा खर्च नाही की दुष्परिणाम नाही.

आधीची तयारी

सातवा महिना लागला की घरात बसून चार गोष्टी ठरवा.

पहिली, सोबतीण कोण? गरोदर बाईलाच विचारा. सासू असेल, आई असेल, जाऊबाई असेल, शेजारीण असेल. जिच्याजवळ ती मोकळेपणी रडू शकते, ती खरी सोबतीण. दोन नावं ठरवा, कारण एक जण निंदणीला किंवा एमआयडीसीत पाळीला गेलेली असू शकते. सोबतिणीची मजुरी बुडते, हे विसरू नका. त्या दिवशी तिच्या घरच्या भाकरी शेजारच्यांनी कराव्यात, तिची लेकरं सांभाळावीत.

दुसरी, जायचं कुठे आणि कशाने? नरडाण्याला हायवे आणि रेल्वे दोन्ही आहेत, पण रात्री दोन वाजता त्यांचा भरवसा धरू नका. गरोदर बाईसाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ क्रमांकाची गाडी मोफत येते. बाईला रक्त कमी, बीपी, जुळं किंवा आधीचं सिझेरियन असेल, तर थेट शिंदखेड्याला, शिरपूरला की धुळ्याला जायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. ऐनवेळच्या पळापळीत जीव जातात.

तिसरी, कागद. माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, बँक पासबुक, सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवा. सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. खानदेशात भिल्ल-पावरा समाजात आणि विदर्भात आपल्या समाजातही हा आजार आढळतो.

चौथी, सामान. धुतलेले मऊ सुती कपडे, पॅड, बाळाची टोपी, पाण्याची बाटली, बिस्किटं, चार्ज केलेला मोबाईल.

पैशांबद्दलही स्पष्ट सांगतो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यानुसार सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी परत सोडणारी गाडी हे सगळं मोफत आहे. “मुलगा झाला, खुशी द्या,” असं कुणी म्हटलं तर द्यायची गरज नाही. मुलगी झाल्यावर तोंड पाडायचीही गरज नाही.

कळा सुरू झाल्यावर

पहिलटकरणीला वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार गर्भाशयाचं तोंड पाच सेंटीमीटर उघडल्यावर पहिलटकरणीला पुढे बारा तासांपर्यंत लागू शकतात. त्याआधीच्या बारीक कळांना तर धरबंध नसतो. “अजून कसं होत नाही?” असं दर दहा मिनिटांनी विचारून तिला थकवू नका. वेळ लांबतोय का, याची नोंद ठेवणं सिस्टरचं काम आहे. “तपासणीत किती उघडलंय?” असं तिला विचारायचा मात्र तुम्हाला हक्क आहे.

सोबतिणीने करायचं ते असं:

– कळ आली की तिच्या कमरेच्या खालच्या भागावर, माकडहाडाच्या वर, तळहाताच्या टाचेने घट्ट दाब द्या. कळ गेली की हात सैल करा.
– तिच्यासोबत श्वास घ्या. नाकाने हळू आत, तोंडाने फुंकर घातल्यासारखा लांब बाहेर.
– डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर तिला चालू द्या, उभं राहू द्या, तुमच्या खांद्यावर रेलू द्या. सगळा वेळ उताणं झोपून राहायची गरज नसते. निजायचं असेल तर कुशीवर. महामायेने लुंबिनीत शालवृक्षाची फांदी धरून उभ्यानेच सिद्धार्थाला जन्म दिला, हे बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये आपण वाचलेलं आहे.
– सिस्टरला विचारून घोट-घोट पाणी, सरबत, पेज द्या. दर दोन तासांनी लघवीला न्या. मूत्राशय भरलेलं असलं की बाळाला खाली सरकायला अडचण होते.
– “सहन कर, आम्ही नाही का बाळंत झालो?” असं म्हणू नका. “ही कळ गेली. तू नीट करतेयस. मी इथेच आहे,” एवढं पुरे.

न करायचं तेही पाठ करा. पोट दाबू नका, कुणाला दाबू देऊ नका. आतून तपासू नका. सिस्टर सांगेपर्यंत जोर लावायला सांगू नका. घरी कुणाकडूनही ‘कळांचं इंजेक्शन’ घेऊ नका. त्याने गर्भाशय फाटू शकतं आणि बाळ गुदमरू शकतं.

ओरडून बोलवायचं केव्हा?

इथे संकोच नको. सिस्टर रागावली तरी चालेल. यातलं काहीही दिसलं तर लगेच हाक मारा, आणि बाई घरी असेल तर लगेच गाडी बोलवा:

– प्रसूतीआधी अंगावरून रक्त जाणं.
– पाणमोट फुटून हिरवट किंवा घाण वासाचं पाणी येणं, नाळ बाहेर दिसणं.
– जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके.
– बाळाची हालचाल कमी होणं किंवा थांबणं.
– ताप, थंडी वाजणं, दम लागणं.

नंतरचे दोन तास

बाळ रडलं की सगळे बाळाकडे धावतात आणि बाई खाटेवर एकटी पडते. सोबतिणीने तेव्हाच तिच्याजवळून हलू नये. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूचं मोठं कारण आहे आणि धोक्याची वेळ हीच असते. दर पंधरा मिनिटांनी पॅड बघा. पॅड भराभर भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, बाई पांढरी पडली, घामेजली, गुंगीत गेली, तर क्षणही न दवडता सिस्टरला आणा. बेंबीखाली गर्भाशय चेंडूसारखं घट्ट लागायला हवं. ते मऊ वाटत असेल तर तसं सिस्टरला सांगा.

बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवा आणि तासाभरात अंगावर पाजा. पिवळा चीक टाकू नका, ती बाळाची पहिली लस समजा. मध, गुटी, साखरपाणी काही नको. बाईला पाणी आणि पोटभर जेवण द्या. “बाळंतिणीने पाणी पिऊ नये” हे खोटं आहे.

अपमान झाला तर

आम्ही एका दवाखान्यात आडनाव ऐकून बदललेला सूर ऐकला आहे. कळा देणाऱ्या पोरीला मांडीवर चापट मारलेली आणि “तेव्हा नाही रडलीस?” असं विचारलेलं पाहिलं आहे. तिच्याजवळ तिचं माणूस उभं असतं, तेव्हा हात आणि जीभ दोन्ही आवरतात, हेही आम्ही पाहिलं आहे. सोबतीण ही साक्षीदार असते. तिने त्या वेळी बाईकडे लक्ष द्यावं, पण तारीख, वेळ आणि बोललेले शब्द लक्षात ठेवावेत. बाई-बाळ सुखरूप घरी आले की तालुका आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. चांगलं वागणाऱ्या सिस्टरचं नावही कौतुकाने कळवावं. तेही आपलंच काम आहे.

या महिन्याचं काम

येत्या पौर्णिमेला विहारात हे पान मोठ्याने वाचा. वस्तीत किती बाया गरोदर आहेत, त्यांना कितवा महिना आहे, याची यादी आशाताईंसोबत करा. प्रत्येकीच्या नावापुढे दोन सोबतिणींची नावं लिहा. कमरेला दाब कसा द्यायचा, हे एकमेकींच्या पाठीवर करून बघा. पुरुषांनी गाडी, रक्तदाते आणि घरची लेकरं यांची जबाबदारी नावानिशी वाटून घ्यावी.

आणि पुढच्या बैठकीत या तीन प्रश्नांची उत्तरं एकमेकींना विचारा:

१. सोबतीण आत थांबू शकते, हे सरकारने कोणत्या साली सांगितलं?
२. कोणत्या खुणा दिसल्या की लगेच सिस्टरला हाक मारायची?
३. बाळ झाल्यावर सोबतिणीने बाईजवळून किती वेळ हलायचं नाही?

जिला तिन्ही येतात, ती तुमच्या वस्तीची पहिली पाठराखीण. तिचं नाव यादीत सगळ्यात वर लिहा.