तळाच्या माशासाठी गळ: जव्हार-मोखाड्यात एका दिवसाला किती खर्च?

लेप आणि भाकस हे चपटे मासे समुद्राच्या तळाशी वाळूत अंग पुरून पडून राहतात आणि भक्ष्य टप्प्यात आलं की झडप घालतात. त्यांच्यासाठी सातपाटी, डहाणूचा किनारा गाठावा लागतो. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात समुद्र नाही, पण तळ धरून राहणारा मासा इथेही आहे. वैतरणा, पिंजाळ, वाघ या नद्यांच्या डोहांत वाम, शिंगटा आणि मरळ मिळतात. आमिष तळाला टेकवायचं आणि ओढ येईपर्यंत हात आवरायचा, ही रीतही लेपाच्या गळासारखीच. त्यासाठी खिशातून किती जाईल आणि कुठला पैसा वाया जाईल, ते सांगतो. आकडे अंदाजे आहेत, दुकानागणिक थोडे इकडेतिकडे होतील.

सुरुवात सामानापासून. शहरातल्या दुकानात रॉड आणि रीळ मिळून 1000 ते 1500 रुपयांना साधा संच मिळतो. चार-पाच हजारांचाही मिळतो, पण तो इथे घेऊ नये. वाम आणि शिंगट्यासाठी डोहाच्या काठावरून पाच-सहा मीटरवर गळ टाकायचा असतो. लांब फेकायची गरजच नसते. इथली पोरं सरळ, वाळलेल्या बांबूच्या काठीला तंगूस बांधतात आणि त्यावर भरपूर मासे काढतात. पहिल्या खेपेला तुम्हीही तेच करा. खर्च करायचाच तर तंगूस आणि गळावर करा. चांगला तंगूस शंभर-दीडशे रुपयांना आणि मध्यम आकाराचे गळ पन्नास-साठ रुपयांना पाकीट. गळ मात्र भरपूर घ्या, कारण इथला तळ काळ्या कातळाचा आहे. खडकाच्या फटीत गळ अडकतो आणि तुटतो, एका सकाळी पाच-सहा सहज जातात.

ते नुकसान टाळायची एक युक्ती आहे. शिसं विकत घेऊ नका. काठावरचा बोटाएवढा लांबट गोटा उचला, शिवणाच्या साध्या दोऱ्याने तो तंगुसाच्या शेवटाला बांधा आणि गळ त्याच्या वर वीतभर अंतरावर आडव्या फाट्याला ठेवा. गोटा अडकला की जोर लावायचा. दोरा तुटतो, गोटा खाली राहतो, गळ आणि मासा वर येतात. दोऱ्याची किंमत काहीच नाही, आणि ज्या डोहाचं पाणी उन्हाळ्यात माणसं पितात त्यात शिसंही पडत नाही.

आमिषाला गांडूळ. ओल्या पालापाचोळ्याखाली फुकट मिळतं. गळाचं टोक पूर्ण झाकेल असं ओवा, शेपटीचा थोडा भाग वळवळता सोडा. मरळीला मात्र जिवंत बारीक मासा लावतात. ती हवा घ्यायला वर येते, तेव्हा पाण्यावर हलकासा फुगा फुटतो. तो फुटला त्याच्या बाजूला, शेवाळाच्या कडेला आमिष सोडायचं.

आता धीर कसा धरायचा ते. वाम आधी टोचून पाहते. काठीच्या टोकाला टिकटिक जाणवते आणि हात आपोआप उचलला जातो, तेवढ्यात गांडूळ गेलेलं असतं. टिकटिक थांबून तंगूस एका दिशेला सरकायला लागला की मगच ओढा, आणि ओढलं की सैल सोडू नका, नाहीतर ती कपारीत शिरून अंग आवळते. शिंगटा उलट, तो एकदम ओढतो. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा हाताला लागला तर तासभर ठणका. फडक्याने धरा आणि गळ पकडीने सोडवा. साधी पकड शंभर रुपयांत मिळते. हा खर्च टाळू नका.

प्रवासाचा हिशेब. नाशिकहून त्र्यंबकेश्वर, मोखाडा मार्गे जव्हार साधारण ऐंशी किलोमीटर. मोटारसायकलने जाऊन-येऊन आणि आतल्या रस्त्यांचे मिळून दोनशे किलोमीटर धरा. साडेचार लिटर पेट्रोल, लिटरला 105 रुपये धरले तर पावणेपाचशे. एस.टी.ने यायचं तर महिलांना भाड्यात 50 टक्के सवलत आहे. मात्र नदीवर जाणारी एस.टी. मिळत नाही. मुख्य रस्त्यापासून पायपीट किंवा जीप ठरलेलीच.

सगळ्यात महत्त्वाचा खर्च वाटाड्याचा. बहुतेक लोक इथेच घासाघीस करतात, ते चुकीचं आहे. कुठल्या डोहात पाणी किती, कुठल्या कपारीत वाम, कोणता उतार निसरडा, हे कातकरी, वारली किंवा कोळी घरातल्या माणसाला ठाऊक असतं. त्याच्या सोबतीचं मोल रॉडपेक्षा जास्त आहे. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला 2025-26चा दर दिवसाला 312 रुपये होता. त्यापेक्षा कमी देऊ नका. माझ्या मते निदान 600 रुपये आणि सोबतचं जेवण हे रास्त. शिवाय त्याच्या डोहातून धरलेल्या माशांपैकी त्याचा वाटा वेगळा काढा.

परवानगीचं पाहूनच पाण्यात गळ सोडा. मोखाडा तालुक्यातलं मध्य वैतरणा धरण मुंबई महापालिकेचं आहे, तिथे परवानगीशिवाय जाऊ नका. इतर धरणांचं, तलावांचं पाणी अनेकदा मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेलं असतं. तिथे संस्थेला विचारायचं, आणि मागतील ते शुल्क पावती घेऊन द्यायचं. मासे मिळावेत म्हणून पाण्यात सुरुंग किंवा विषारी औषध टाकणं कायद्याने बंद आहे. कोणी 'लवकर मिळतील' म्हणून ब्लीचिंग पावडर टाकायला निघाला तर त्याला अडवा. पाड्यावरच्या बाया त्याच डोहातून हंडे भरतात.

एकूण बेरीज करायची तर बांबूच्या काठीवर जाणाऱ्या एकट्या माणसाला पहिल्या खेपेस तंगूस, गळ आणि पकड मिळून 300, पेट्रोल पावणेपाचशे, वाटाड्या 600, दोघांचं जेवण 300. म्हणजे जवळपास 1700 रुपये. पुढच्या खेपेला सामान घरात असतं, मग 1400-1500. रॉड घेतलात तर त्यात हजार-दीड हजाराची भर. एवढ्या पैशांत बाजारातून बरीच मासळी येईल. तेव्हा फक्त मासे खायचे असतील तर बाजारातच जा.

दिवस कोणते? जून-जुलै वर्ज्य. पाऊस पडला की गाभोळी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, त्यांना पोटातल्या अंड्यांसह उचललं तर पुढच्या वर्षी डोह रिकामा. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै बंदी असते, तोच हिशेब नदीलाही लावा. शिवाय घाटात पाऊस झाला की नदी बघता बघता चढते. दिवाळीनंतर पाणी निवळतं, तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये मोखाड्यात पाण्याची टंचाई असते. मासे उरल्यासुरल्या डोहांत गोळा होतात, म्हणून ते सहज मिळतात, पण तेव्हा त्या पाण्यावर पहिला हक्क गावाचा.

जाताना पायात घट्ट पकडीचे बूट, सोबत प्रथमोपचाराचं साहित्य. जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे. साप चावला तर वाटेत वेळ न घालवता जवळचं सरकारी रुग्णालय गाठायचं. मरळीचा जोडा पिल्लांच्या थव्याभोवती फिरताना दिसला तर त्या कोपऱ्यात गळ टाकू नका. दोघं मिळून पिल्लं राखतात आणि आईबाप गेले की थवा इतर माशांच्या तोंडी जातो.