मूत्रपिंडाचे वैद्य हवेत

वैद्यकीचा अभ्यास करणाऱ्या तरुणास "पुढें काय?" असें विचारलें, तर बहुधा हृदय, अस्थि किंवा नेत्र यांचें नांव निघतें, मूत्रपिंडाचें क्वचितच निघतें. वस्तुतः मुठीएवढीं हीं दोन इंद्रियें मिळून दिवसांत सुमारें १८० लिटर द्रव गाळतात, त्यांतील बहुतेक सर्व रक्तास परत करितात, व अवघा दीडेक लिटर मूत्ररूपानें बाहेर टाकतात. प्रत्येकांत सुमारें दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. ही शिल्लक इतकी मोठी आहे कीं, बरीच हानि होईपर्यंत रोग्यास कांहींच कळत नाहीं, आणि हीच सोय घातक ठरते. मधुमेह व रक्तदाब वर्षानुवर्षें गाळण्या निकामी करीत राहतात; दुखत मात्र कोठेंच नाहीं. पायांस सूज आली, अन्नावरची वासना उडाली, म्हणून रोगी येतो, तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो.

पूर्वी अशा रोग्यापाशीं बसून राहण्यापलीकडे वैद्यास फारसें कांहीं करतां येत नसे. १९४३ सालीं जर्मनांनीं व्यापिलेल्या हॉलंडांत कांपेन गांवीं डॉ. विलेम कोल्फ यांनीं लांकडी पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळून रक्त शुद्ध करण्याचें यंत्र बनविलें. आरंभींचे बहुतेक रोगी दगावले. परंतु १९४५ सालीं ६७ वर्षांची एक स्त्री बेशुद्धींतून जागी झाली. आपल्या देशांत मूत्रपिंडरोपणाचा प्रयत्न मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९६५ सालीं झाला. यश आलें तें वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत, १९७१ सालीं. त्याच के. ई. एम. मध्यें मूत्रपिंडविभागाच्या प्रमुख म्हणून डॉ. विद्या आचार्य यांनीं काम केलें, हें मुलींनीं विशेषेंकरून ध्यानांत ठेवावें.

आतां आपल्या खानदेशाकडे पाहूं. येथें उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. शेतांत राबणाऱ्याच्या शरीरांतील पाणी आटतें, मूतखडे होतात. अंग दुखतें म्हणून रोज वेदनाशामक गोळ्या घेणारेही थोडे नाहींत. त्याही मूत्रपिंडास बाधतात. शिवाय रावेर-यावलचीं केळीं! निरोग्यास तीं उत्तम अन्न. पण त्यांतील पोटॅशियम निकामी मूत्रपिंडास बाहेर टाकतां येत नाहीं, आणि तें रक्तांत फार वाढल्यास हृदय बंद पडूं शकतें. केळींच्या बागेंत जन्म घालविलेल्या म्हाताऱ्यास "केळें खाऊं नका" हें पटवून देण्यास त्याची लेवा बोली किंवा अहिराणी जाणणारा वैद्य पाहिजे. परगांवच्या डॉक्टराचा छापील कागद तेथें पुरा पडत नाहीं.

सरकारनें २०१६ सालीं जिल्हा रुग्णालयांतून गरिबांसाठीं मोफत डायलिसिसची योजना काढली, हें चांगलें झालें. तरी आठवड्यांतून बहुधा तीन वेळां, दर वेळीं सुमारें चार तास, म्हणजे मजुराच्या तीन दिवसांच्या रोजावर पाणी. ज्या वैद्यानें दहा वर्षें आधीं लघवींतील प्रथिन ओळखून रक्तदाब आवरला, त्यानें त्या घरावर केवढा उपकार केला!

मार्ग लांब आहे, हें लपवीत नाहीं: एम. बी. बी. एस. साडेपांच वर्षें, एम. डी. तीन, त्यावर डी. एम. आणखी तीन, शिवाय मध्यें प्रवेशपरीक्षा. क्षार व आम्लांचें गणित अवघड, आणि पुष्कळ रोगी पूर्ण बरे होत नाहींत. मात्र दुसऱ्या क्वचितच शाखेंत एकच रोगी वीस वीस वर्षें त्याच वैद्याकडे येतो, व त्याच्या मुलांचीं लग्नेंही वैद्यास ठाऊक असतात. इतका लांबचा पल्ला ज्यांस झेपणार नाहीं, त्यांनीं साधे डॉक्टर होऊनही प्रत्येक मधुमेही रोग्याची लघवी वर्षांतून एकदां तरी तपासावी. त्यास खर्च थोडाच येतो.