वाटीची नानकटाई किलोत का फसते?

प्रश्न : घरी मी नेहमी दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बेसन, वाटीभर पिठीसाखर आणि वाटीभर साजूक तूप या मापाने नानकटाई करते. तोंडात टाकताच विरघळते. यंदा सोसायटीतल्या किल्ला स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला ऐंशी मुलं यायची होती, म्हणून हेच माप किलोत घेतलं : दोन किलो मैदा, अर्धा किलो बेसन, एक किलो पिठीसाखर, एक किलो तूप. गोळा जमेना म्हणून दूध शिंपडलं. नानकटाई इतकी कडक झाली की एका पोराने ती किल्ल्याच्या तटबंदीला लावायला मागितली! शिवाय ओटीजीत दोन ट्रे एकदम ठेवले, तर खालच्याचं बूड करपलं आणि वरच्याचं पांढरंच राहिलं. प्रमाण तेच, हात तोच, मग बिघडलं कुठे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हात तोच होता, पण प्रमाण बदललं होतं, आणि तेही मिक्सिंगच्या भांड्यापर्यंत पोहोचण्याआधी, किराणा दुकानात यादी देतानाच.

वाटी जागा मोजते, तराजू वजन मोजतो. २४० मिलिलिटरच्या मापी कपात मैदा सुमारे १२५ ग्रॅम बसतो, पिठीसाखर १२० ग्रॅमच्या आसपास, बेसन शंभराच्या जरा आत. तूप मात्र तेवढ्याच कपात सुमारे २१५ ग्रॅम. म्हणजे तुमच्या घरच्या मापात दोन किलो मैद्याला पावणेदोन किलोच्या जवळपास तूप पडतं. तुम्ही घातलंत एक किलो. सातशे ग्रॅम तूप कमी! साखरेचं माप जवळजवळ बरोबर आलं, कारण पिठीसाखर आणि मैदा वजनाला सारखेच हलके. बेसन थोडं जास्त झालं, पण ते गौण.

आता कडकपणाचं. मैद्यातल्या प्रथिनांना पाणी मिळालं आणि मळणी झाली की ग्लुटेनचं जाळं तयार होतं. पोळीला ते हवं, नानकटाईला नको. तूप मैद्याच्या कणांना वेढून हे जाळं होऊ देत नाही आणि खुसखुशीतपणा येतो तो यातूनच. तूप कमी पडलं म्हणून गोळा जमेना, आणि त्यावर तुम्ही नेमकं दूध घातलंत, ज्याचा बहुतेक भाग पाणीच असतो. ते पाणी मैद्याला मिळालं, साखरही त्यात विरघळली, आणि भाजून गार होताना घट्ट बसली. सांगायचं तर, दूध शिंपडलं नसतं आणि दोन-तीनशे ग्रॅम तूप आणखी घातलं असतं, तरी मुलांना नानकटाई चावता आली असती. गोळा कोरडा वाटला की आधी तुपाच्या डब्याकडे बघावं, दुधाच्या पातेल्याकडे नाही.

उपाय सोपा आहे. घरच्या वाटीने एकदा नेहमीसारखं माप घ्या आणि प्रत्येक वाटी स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहून काढा. मग त्या आकड्यांना आठाने गुणा, बाराने गुणा, काही बिघडत नाही. सोडा आणि मीठही त्याच पटीत चालतात. मात्र सगळं एकाच परातीत करू नका. तूप आणि साखर फेसून हलकं पांढरं करायचं असतं, आणि पाच किलोच्या ढिगात ते हाताने नीट होत नाही. वर मैदा मिसळताना आपण नकळत कणीक तिंबावी तसं तिंबत बसतो. एका वेळी अर्धा किलो मैदा घ्या, गोळा जमला की थांबा.

ओटीजीचा दोष मी तुमच्यावर ठेवणार नाही. त्यात वर आणि खाली तापणाऱ्या कांड्या असतात. दोन ट्रे ठेवले की वरचा ट्रे वरची आच अडवतो, खालचा ट्रे खालची. म्हणून खालच्याला बुडाला जास्त, माथ्याला कमी, आणि वरच्याचं उलट. पंखा असलेल्या ओव्हनमध्ये गरम हवा फिरते, तिथे दोन ट्रे चालतात, तरी अर्ध्या वेळेला खालचा वर करावा लागतोच. बिनपंख्याच्या ओटीजीत एक ट्रे, मधल्या खाचेत, १६० ते १७० अंशांवर. दुसरा कच्चा माल तापलेल्या ट्रेवर मांडू नका. ओव्हनमध्ये जाण्याआधीच तूप वितळतं आणि नानकटाई पसरते. दोन-तीन ट्रे आलटून पालटून वापरले की हा प्रश्न सुटतो.

पण मग वेळेचा हिशेब करा. ऐंशी मुलांना प्रत्येकी तीन म्हणजे २४०. मध्यम ट्रेवर सोळा बसतात, म्हणजे पंधरा ट्रे. दार उघडझाक धरून एका ट्रेला वीस मिनिटं, की झाले पाच तास. समारंभाच्या सकाळी हे करायला बसणं म्हणजे हौसेचं रूपांतर शिक्षेत करणं. नानकटाई घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर सहज टिकते, तेव्हा तीन-चार दिवस आधी दोन संध्याकाळींत उरकून टाका.

किंवा जुना मार्ग धरा. दिवाळीआधी तूप, साखर, मैदा घेऊन बेकरीत जायचं आणि पत्र्याच्या ट्रेंत भाजून आणायचं, ही पद्धत काही गावांत आणि शहरांच्या जुन्या पेठांत अजून दिसते. भट्टीच्या जाड विटा तासन्‌तास आच धरून ठेवतात. दार उघडलं म्हणून ती ओटीजीसारखी लगेच थंड होत नाही. मुंबईत मात्र उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. धुराचा विचार करता ते योग्यच.

पुढच्या वेळी कपकेक करायचा बेत असेल, तर एक फरक लक्षात ठेवा. नानकटाईचा गोळा तासभर थांबतो, केकचं मिश्रण थांबत नाही. ओलं लागताच सोडा आणि आंबट पदार्थ यांचा वायू निघायला लागतो, आणि शेवटच्या ट्रेपर्यंत तो निघून गेलेला असतो. बेकिंग पावडर काही वायू उष्णतेसाठी राखून ठेवते, तरी तिच्यावर फार विसंबू नये. कोरडं एकीकडे, ओलं एकीकडे तयार ठेवून ट्रेपुरतंच मिसळा.

आणि मुलांसाठी करताय म्हणून एक विनंती : वर अख्खा बदाम किंवा पिस्ता खोचू नका. पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात तो अडकू शकतो. बारीक पूड चालेल, पण कोणाला सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे का, ते आधी पालकांना विचारा. पूड नसलेली बरी वाटली, तर नुसती वेलची पुरे.