घरातील वायफाय : सुरक्षितता आणि कार्यक्षमता

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद शहरात बॉम्बस्फोटांची मालिका घडली. स्फोटांपूर्वी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांकडे धमकीचा एक ई-मेल पोहोचला होता. त्याचा माग काढीत तपास यंत्रणा नवी मुंबईतील एका सदनिकेपर्यंत आल्या. घरातील वायफायला पुरेसे संरक्षण नसल्याने तिचा गैरवापर परक्याने केला, हे पुढे स्पष्ट झाले. परंतु तोपर्यंत तेथील रहिवाशास चौकशीला सामोरे जावे लागले होते. आपली जोडणी आपण सांभाळली नाही, तर दुसऱ्याच्या कृत्याचा जाब आपणांस द्यावा लागतो, हा या घटनेचा धडा होय.

राऊटरमधून निघणाऱ्या रेडिओ लहरी घराच्या भिंतीपाशी थांबत नाहीत. त्या जिन्यात, रस्त्यावर व शेजारच्या घरातही पोहोचतात. घरी बसून विद्यार्थ्यांचे गुण भरणारे शिक्षक, कार्यालयीन टिपणे पाठविणारे अधिकारी आणि बँकेचे व्यवहार करणारे पंचायत सदस्य या सर्वांनीच ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

सुरक्षिततेचे उपाय

वायफायचे पहिले मानक १९९७ मध्ये तयार झाले. त्यातील 'डब्ल्यूईपी' ही संरक्षण पद्धती सहज भेदता येते, हे २००१ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. त्यानंतर २००४ मध्ये 'डब्ल्यूपीए २' व २०१८ मध्ये 'डब्ल्यूपीए ३' या पद्धती आल्या. राऊटरमध्ये 'डब्ल्यूपीए ३' निवडावी. जुनी उपकरणे ती स्वीकारीत नसल्यास 'डब्ल्यूपीए २' ठेवावी. 'डब्ल्यूईपी' मात्र कदापि वापरू नये.

राऊटरला दोन पासवर्ड असतात : एक वायफाय जोडण्याचा व दुसरा राऊटरची मांडणी बदलण्याचा. पुष्कळ घरांत दुसरा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच राहतो. दोन्ही बदलावेत, ते परस्परांहून भिन्न असावेत आणि लांब असावेत. नाव, जन्मतारीख किंवा दूरध्वनी क्रमांक यांचा त्यांत उपयोग करू नये. आठ अंकी क्रमांकाने उपकरण जोडण्याची 'डब्ल्यूपीएस' ही सोय सदोष असल्याचे २०११ मध्ये उघड झाले. ती बंद ठेवणे इष्ट. पाहुण्यांसाठी बहुतेक राऊटरमध्ये स्वतंत्र जोडणीची व्यवस्था असते, तिचा उपयोग करावा. उत्पादकाने दिलेल्या सुधारणा वेळोवेळी राऊटरमध्ये भरून घ्याव्यात.

वेग वाढविण्यासाठी

वेग मंदावला की प्रथम संगणक तारेने राऊटरला जोडून पाहावा. तारेवरही वेग कमीच असेल, तर दोष बाहेरून येणाऱ्या जोडणीत किंवा राऊटरमध्ये असण्याचा संभव असतो. तारेवर वेग ठीक असेल, तर वायफायकडे लक्ष द्यावे.

राऊटर घराच्या मध्यभागी, उंचावर व मोकळ्या जागी ठेवावा. लोखंडी कपाट, आरसा, पाण्याची टाकी आणि काँक्रीटची भिंत यांमुळे लहरी क्षीण होतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूरवर पोहोचतो; परंतु शेजारचे राऊटर, ब्लूटूथ व मायक्रोवेव्ह भट्टी यांचीही तेथे गर्दी असते. या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांपैकी सर्वांत कमी गर्दीचा निवडावा. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक वेगवान असतो, मात्र भिंतींपलीकडे तो लवकर क्षीण होतो. म्हणून राऊटरच्या खोलीत तो वापरावा व दूरच्या खोलीत २.४. जाड दगडी भिंतींच्या वाड्यात तार ओढून दुसरे उपकरण बसविणे हाच खात्रीचा मार्ग होय.

सुरक्षितता आणि वेग या गोष्टी परस्परांपासून वेगळ्या नाहीत. अनोळखी उपकरणे दूर राहिली की जोडणीवरील भारही हलका होतो. यासाठी महिन्यातून एकदा राऊटरच्या मांडणीत जोडलेल्या उपकरणांची यादी तपासावी. त्यात ओळखीबाहेरचे नाव आढळल्यास पासवर्ड त्वरित बदलावा. एवढी दक्षता प्रत्येक कुटुंबाने घेतली, तर परक्याच्या अपराधाची झळ आपल्या घराला लागण्याचा धोका पुष्कळच कमी होईल.